नोकरी सोडून शाळेत शिकवायला जावं का?

चौकोनी_ढग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी हिशोबाच्या कामात आहे, म्हणजे ऑफिसात दिवसभर एक्सेल शीट. पगार बरा आहे, बॉस माणसासारखा वागतो, तक्रार करावी असं खरंतर काही नाही. पण गेले काही महिने संध्याकाळी शेजारच्या दोन-तीन मुलांना गणित शिकवतेय (त्यांच्या आईने गळ घातली म्हणून) आणि खरं सांगते, दिवसातला तेवढाच वेळ असा असतो की घड्याळाकडे लक्ष जात नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की बी.एड. करून सरळ शाळेत शिकवायला जावं. वय पस्तिशीच्या जरा अलीकडे.

घरी विषय काढला तर दोन टोकं. सासूबाई म्हणतात छानच की, दुपारी घरी येशील, सुट्ट्याही भरपूर. नवरा म्हणतो चाळीस पोरांपुढे तू दहा मिनिटं टिकणार नाहीस, तुझा आवाज आपल्याच घरात शेजारच्या खोलीत पोचत नाही. दोघांनीही आयुष्यात कधी वर्गावर शिकवलेलं नाही हे वेगळं सांगायला नको.

तर जे शिकवतात किंवा शिकवून सोडलंय त्यांना विचारायचंय, त्रास नेमका कुठे होतो, आणि एवढं सगळं सोसून लोक टिकतात ते कशाच्या जोरावर? मुलांचं प्रेम, समाधान वगैरे ऐकून झालंय, त्याच्या पुढचं सांगा. आणि विषय चांगला येतो, मुलं आवडतात, एवढ्यावर निभतं का?

फळा_पुसणारा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही निभत.

मीही गणितवालाच, बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून गणितातलंच सांगतो. फळ्यावर लिहा ८ + ४ = ▢ + ५ आणि चौकटीत काय येईल ते विचारा. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. वर्गातून धडाधड १२ येतं, काही जण पुढचे ५ पण मिळवून १७ म्हणतात. अमेरिकेत कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याबद्दल लिहिलं होतं, त्यात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलेलं नव्हतं. सहावीच्या बरं का. बेरीज सगळ्यांना येत होती. फक्त पहिलीपासून त्यांनी बरोबरचं चिन्ह कायम गणिताच्या शेवटी आणि त्याच्यापुढे उत्तर असंच पाहिलेलं, त्यामुळे त्यांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम. दोन्हीकडची किंमत सारखी असते हे कुणी कधी बोललेलंच नसतं. मग हेच पोर पुढे समीकरणांना आलं की आपटतं आणि घरचे म्हणतात याला बीजगणित झेपत नाही. बीजगणिताचा काही दोष नाही त्यात, भानगड दुसरीतच झालेली असते.

दशांशाचं बघा. ०.४५ मोठा की ०.६? भरपूर मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ मोठे ६ पेक्षा. तुम्ही नुसतं "चूक" म्हणून पुढे गेलात तर काही मुलं स्वतःच नवा नियम बनवतात की कमी आकडे ती संख्या मोठी, आणि मग पुढच्या आठवड्यात ०.६ आणि ०.६५२ मध्ये ०.६ मोठा सांगतात. म्हणजे मधे एक दिवस उत्तरं बरोबर आली म्हणून तुम्ही खूष असता आणि आत वेगळंच शिजत असतं.

तर शिक्षकाला उत्तर यावंच लागतं पण त्याची खरी कमाई म्हणजे चुकीचं उत्तर कुठून आलं ते ओळखणं. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये या ज्ञानाचा वेगळा कप्पा करून दाखवला, विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याच्या पद्धतींचं वेगळं, आणि हा अमुक विषय मुलाच्या डोक्यात कसा शिरतो आणि कुठे अडकतो याचं ज्ञान आणखी वेगळं. हे तिसरं कुठल्याच पदवीत पूर्ण मिळत नाही, वह्या तपासून तपासून येतं.

आणि टिकतो कशावर विचारलंत ना, याच्यावरच टिकतो. एकच धडा मी तिसऱ्या तासाला एका तुकडीत घेतो आणि पाचव्या तासाला दुसरीत, आणि दोन्हीकडे पोरं वेगळ्याच ठिकाणी अडतात. कंटाळा यायला वेळच मिळत नाही.

टवाळ_पोपट

सासूबाईंना नमस्कार सांगा. दुपारी घरी येतो तो शिक्षक नसतो, वह्यांचा गठ्ठा असतो, शिक्षक त्याला उचलून आणतो एवढंच.

सुट्टीचं म्हणाल तर माझी बायको शिक्षिका आहे आणि सुट्टीचा पहिला आठवडा ती झोपून काढते. दुसऱ्यात आजारी पडते. तिसऱ्यात पुढच्या वर्षाचं टाचण सुरू.

उनाड_मैना

ताई, मी लहान वर्गांना शिकवते, पहिली-दुसरी. तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्याला उत्तर देते कारण तो मुद्दा सगळेच काढतात आणि सगळेच उलटा धरतात.

मोठा आवाज लागत नाही. मोठा आवाज असलेल्यांचा घसा लवकर जातो. चेष्टा नाही, अमेरिकेत आयोवा आणि युटा या राज्यांत केलेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये आला होता, त्यात आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्यांचं प्रमाण शिक्षकांमध्ये ५७.७ टक्के आणि बाकीच्या लोकांमध्ये २८.८ टक्के निघालं, म्हणजे सरळ दुप्पट. नव्या मुली येतात, पहिल्या दोन महिन्यात ओरडून ओरडून घसा बसवून घेतात आणि वर्ग तसाच गोंगाट करत राहतो, कारण तुम्ही जितका आवाज चढवाल त्याच्या वर पोरं आपला चढवतात.

मग काय करायचं? जेकब कूनिन म्हणून एक संशोधक होते, त्यांनी वर्गांचं व्हिडिओ चित्रीकरण करून बघितलं की ज्यांचा वर्ग शांत असतो ते शिक्षक दंगा झाल्यावर वेगळं काय करतात. १९७० मध्ये पुस्तक आलं त्यांचं. गंमत म्हणजे दंगा झाल्यावर सगळे साधारण सारखंच करत होते, रागावतात, नाव घेतात, उभं करतात. फरक होता तो दंगा व्हायच्या आधी. चांगल्या शिक्षकाला वर्गात कुठे काय चाललंय ते कळत असतं, आणि मुख्य म्हणजे त्याला कळतंय हे पोरांना कळत असतं.

प्रत्यक्षात कसं ते सांगते. तुम्ही फळ्यावर लिहिताय, मागच्या बाकावर कुणीतरी पेनचं टोपण बाकावर टक टक वाजवतोय. तुम्ही वळून "कोण आहे रे तो" म्हणालात की तास गेला, चाळीस डोकी मागे वळली, त्याला प्रेक्षक मिळाले. त्यापेक्षा बोलणं न तोडता, वाक्य चालू ठेवून, रांगेतून मागे चालत जायचं, त्याच्या वहीवर बोट ठेवायचं "हे लिही" म्हणून, आणि तिथेच उभं राहून पुढचं वाक्य बोलायचं. टोपण आपोआप पेनला लागतं. आणि फळ्यावर लिहिताना पाठ पूर्ण फिरवायची नाही, तिरकं उभं राहून लिहायचं, अक्षर जरा वाईट येतं, येऊदे.

पहिल्या आठवड्यात नावं पाठ करा, बाकी सगळं नंतर. "ए तू, निळ्या दप्तरवाला" म्हणून हाक मारलेला मुलगा ऐकत नाही, नावाने मारलेली हाक ऐकतो.

अवघड आहे का, तर हो, पहिलं वर्ष फार अवघड. दिवसभर एक सेकंद एकटेपणा नसतो, बाथरूमला जायचं तरी मधल्या सुट्टीची वाट बघावी लागते, हे कुणी आधी सांगत नाही बघा.

परतीचा_प्रवासी

मी सोडलेल्यांपैकी. त्यामुळे दुसरी बाजूही येऊद्या, नाहीतर धागा फारच गोड व्हायचा.

शिकवण्याने मी दमलो नाही. शिकवण्याच्या आजूबाजूला जे असतं त्याने दमलो. माहिती भरा, तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात भरा, फोटो पाठवा, कार्यक्रमाची तयारी, स्पर्धेची तयारी, कुणी रजेवर असेल तर त्याचा तास, म्हणजे जो एक ऑफ तास वह्या तपासायला ठेवलेला तोही गेला. रात्री दहाला पालकांचे व्हॉट्सॲप मेसेज, "सर उद्या कुठला गृहपाठ आहे", अहो मुलाला विचारा ना. एखाद्याला पेपरात मार्क कमी पडले की आई-वडील दोघं येऊन बसणार आणि तुमच्यापुढेच पोराला बोलणार, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर तुमच्या डोळ्याला डोळा देत नाही, जणू तुम्हीच चहाडी केली.

आणि एक गोष्ट घरी येते जी गठ्ठ्यात मावत नाही. वर्गातला एक मुलगा रोज झोपाळलेला यायचा. गृहपाठ नाही, वही नाही, रागावून काही उपयोग नाही. चौकशी केल्यावर कळलं की घरी आजारी माणूस आहे आणि रात्री उठून बघायचं काम याचं. आता हे कळल्यावर तुम्ही काय करणार? अभ्यास माफ केला तर मागे पडतो, नाही केला तर मोडून पडतो. असे एका वर्गात तीन-चार तरी असतात, आणि तुमच्या हातात असतं ते फक्त दिवसातले चाळीस मिनिटांचे एक-दोन तास. काही लोकांना हे शाळेच्या दारातच ठेवून घरी येता येतं, मला जमेना.

मी एकटा नाही. अमेरिकेत रिचर्ड इंगरसोल वर्षानुवर्षं ही आकडेवारी बघतायत, त्यांच्या मते तिथे नव्याने लागलेल्या शिक्षकांपैकी ४४ टक्के पाच वर्षांच्या आत हे काम सोडतात. युनेस्कोचा अंदाज असा की २०३० पर्यंत जगात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ४ कोटी ४० लाख शिक्षक कमी पडतील. एवढं सुंदर काम असेल तर माणसं का मिळत नाहीत याचा विचार राजीनामा लिहायच्या आधी करा.

निळी_शाई

@परतीचा_प्रवासी पूर्ण सहमत, एकच पुरवणी जोडते. या सगळ्यावर तक्रार केली की एक ठराविक उत्तर येतं, "अहो हा पवित्र पेशा आहे." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. पवित्र म्हटलं की पगार कमी चालतो, पटसंख्या कितीही चालते, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी चालतं.

५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन असतो तो कशासाठी ते बघा. १९६६ साली त्याच तारखेला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून शिक्षकांच्या दर्जाबद्दल एक शिफारसपत्र मंजूर केलं, आणि त्याची आठवण म्हणून १९९४ पासून हा दिवस पाळतात. आता कामगार संघटना त्यात आहे हे लक्षात घ्या. त्या कागदात पगार, कामाचे तास, वर्गातली संख्या, रजा, प्रशिक्षण असल्याच गोष्टी आहेत. आणि आपण त्या दिवशी काय करतो तर फुलं देतो.

ताई, ज्या शाळेत जाल तिथे मुलाखतीत उलटे प्रश्न विचारा. आठवड्याला तास किती, वर्गात मुलं किती, नव्या शिक्षकाला कुणी जुना शिक्षक बरोबर देतात का, प्रॉक्सी तास किती पडतात. या उत्तरांवरून तुमचं पहिलं वर्ष कसं जाणार ते कळतं. मुख्याध्यापक जर या प्रश्नांनी दुखावले तर तेही उत्तरच.

चौकोनी_ढग

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. टोपणाचं उदाहरण नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला "हं". त्याच्याकडून एवढंच मिळतं.

८ + ४ वालं आज संध्याकाळीच करून पाहिलं. तिघांपैकी दोघं १२, आणि तिसरा म्हणाला गणित चुकीचं लिहिलंय, बरोबरच्या पुढे काही नसतं. मी हसणार होते पण मग वाटलं की मी इतके महिने यांना शिकवतेय आणि हे आत असं आहे याचा मला पत्ताच नाही!

@परतीचा_प्रवासी, तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात गोळा आला पण बरं झालं लिहिलंत. आता एक वेगळी शंका. मी स्वभावाने अबोल आहे. ऑफिसात मीटिंगमध्ये सुद्धा विचारल्याशिवाय बोलत नाही. ज्या बाई मला आठवतात त्या सगळ्या कशा भरभरून बोलणाऱ्या, वर्ग हसवणाऱ्या. मला ते कधीच जमणार नाही. मग?

अबोल_कासव

आयडीवरून कळलं असेलच. मी विज्ञान शिकवतो आणि लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो.

अबोल असणं वर्गात फायद्याचं पडतं, का ते सांगतो. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून अक्षरशः घड्याळ लावून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात. सरासरी एक सेकंद. एका सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारतो नाहीतर स्वतःच सांगून टाकतो. मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं, बाकी काही बदललं नाही. तर उत्तरं लांब यायला लागली, जी मुलं एरवी बोलत नाहीत ती बोलायला लागली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं, मुलं स्वतःहून प्रश्न विचारायला लागली.

आता तीन सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं, पण उद्या करून बघा. प्रश्न विचारा आणि गप्प उभे रहा. पहिल्या सेकंदाला दोन हात वर, नेहमीचेच दोन. दुसऱ्या सेकंदाला वर्गात चुळबुळ. तिसऱ्याला तुम्हालाच घाम फुटतो की सगळे आपल्याकडेच बघतायत. बोलक्या माणसाला ते सहन होत नाही, तो शांतता भरून काढतो. आपल्यासारख्याला शांततेत उभं राहायची सवय असते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, वर्षभर "हजर" सोडून शब्द नाही. एकदा विचारलं की बर्फ पाण्यावर का तरंगतो. नेहमीच्या दोघांनी हात वर केले, मी त्यांना मानेनेच थांबा म्हटलं आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. ती हळूच म्हणाली, "सर, पण मेण वितळवलं तर घन मेण खाली बसतं." प्रश्नाचं उत्तर नव्हतंच ते. पण बहुतेक पदार्थ घन झाले की आपल्याच द्रवात बुडतात आणि पाणी त्याला अपवाद आहे, हाच तर सगळा धडा होता आणि तो मी पुढच्या तासाला सांगणार होतो. तिने घरी मेण बघितलं होतं आणि ते तिच्या डोक्यात पडून होतं. तो तास मग मी शिकवलाच नाही, पोरांनीच भांडून काढला, लोणी बुडतं की तरंगतं इथपर्यंत गेलं प्रकरण.

तुम्ही जोर कशाचा विचारत होतात, माझ्यापुरता तो हा आहे. ती मुलगी त्यानंतर काही भाषणं द्यायला लागली नाही, महिन्यातून एखादं वाक्य बोलायची. पण ते वाक्य ऐकायला मी तयारी करून जायचो.

शंकासूर

छान चाललंय. मी शिक्षक नाही, पालक आहे, तरी घुसतो. ते जे म्हणतात की शिक्षकाने हुशार समजलं की मूल हुशार होतं, त्यात कितपत तथ्य? आमच्याकडे पालकसभेत दरवेळी हे ऐकवतात.

निळी_शाई

ते रोझेंथल आणि जेकबसन यांच्या प्रयोगावरून आलंय, १९६८ चा, कॅलिफोर्नियातली एक प्राथमिक शाळा. त्यांनी शिक्षकांना सांगितलं की एका चाचणीनुसार ही अमुक मुलं यंदा मोठी झेप घेणार, आणि ती नावं खरंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही निवडलेली होती. वर्षअखेरीला त्या मुलांची बुद्ध्यांक चाचणीतली वाढ बाकीच्यांपेक्षा जास्त निघाली. पण हे मुख्यतः पहिली-दुसरीत, वरच्या वर्गांत फारसं नाही. आणि नंतर त्यावर खूप वाद झाले, पुढच्या बऱ्याच अभ्यासांत परिणाम दिसला तरी लहानच दिसला. त्यामुळे पालकसभेत सांगतात तेवढी जादू नाही. पण वर्गात बसून बघा, ज्याला आपण हुशार समजतो त्याला आपण जास्त वेळ देतो, त्याच्या अर्धवट उत्तराला "हां, पुढे?" म्हणतो, आणि ज्याला ढ समजतो त्याला "बस खाली". हे सगळे करतात, मी पण बघते स्वतःला.

मार्कांचंही असंच. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर बघितलं, काहींना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा लिहून दिला, काहींना दोन्ही. फक्त शेरेवाल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. दोन्हीवाल्यांचं फक्त मार्कवाल्यांसारखंच राहिलं. कारण आकडा दिसला की शेरा कोण वाचतो! रात्री जागून लाल पेनाने चार ओळी लिहायच्या आणि पोराने शेजाऱ्याला "तुला किती?" विचारून वही बंद करायची. आता मी वही परत देते तेव्हा फक्त शेरा असतो, दुरुस्ती करून आणली की मग आकडा सांगते. पहिल्या वेळेला बंड होतं. पालक पण फोन करतात.

शंकासूर

तुला किती, हे मी पण विचारतो मुलाला. म्हणजे शेजारच्याला किती ते. धन्यवाद, निमूट बसतो.

परतीचा_प्रवासी

वाचून जरा हळवा झालो, म्हणून एक कबूल करतो, तास संपल्याची घंटा झाली आणि वर्ग उठला नाही असं क्वचित व्हायचं, ते अजून आठवतं. आत्ताच्या नोकरीत मीटिंग संपली की लोक पळतात.

पण ताई, म्हणून तिकडे उडी मारू नका. आधी बघून या.

फळा_पुसणारा

+१. राजीनामा नंतर, आधी एखाद्या शाळेत परवानगी काढून काही आठवडे मागच्या बाकावर बसा. बऱ्याच शाळा नाही म्हणत नाहीत, माणूस कमीच असतो त्यांना. आणि बसाल तेव्हा शिक्षकाकडे बघू नका, पोरांकडे बघा.

का, तर डॅन लॉर्टी म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७५ मध्ये हिशोब मांडला की शाळा संपेपर्यंत प्रत्येकाने साधारण १३ हजार तास शिक्षकांना काम करताना बघितलेलं असतं. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं आपल्याला हे काम माहितीये, तुमच्या सासूबाईंना आणि मिस्टरांनाही. पण बाकावरून फक्त नाटक दिसतं, पडद्यामागचं दिसत नाही. आज हा प्रश्न आधी का विचारला, त्या मुलाला का विचारला नाही, अर्धा धडा का सोडला, हे शिक्षकाच्या डोक्यातलं कुणाला दिसणार? म्हणून तास संपल्यावर त्या शिक्षकाला एकच विचारायचं, की ठरवलं होतं त्यातलं काय बदललं आणि का. चांगला शिक्षक असेल तर अर्धा तास बोलेल.

मग एखादा छोटा विषय घेऊन तुम्ही स्वतः उभ्या रहा. तिघांना शिकवणं आणि चाळिसांना शिकवणं यात मुख्य फरक असा की तिघांचे चेहरे तुम्हाला एकदम दिसतात. चाळिसांत कुणाला कळलं आणि कोण नुसती मान हलवतंय हे काढून घ्यावं लागतं. सोपी युक्ती, "कळलं का" असं कधीही विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो" येतं. प्रत्येकाला वहीच्या मागच्या पानावर एक उत्तर लिहायला सांगा आणि रांगेतून फेरी मारा, दोन मिनिटात वर्गाचा एक्सरे मिळतो.

आणि शेवटच्या पाच मिनिटात कालच्या-परवाच्या धड्यावरचे दोन प्रश्न, पुस्तक बंद करून. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे यावर, पुन्हा वाचलेलं पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवडाभराने बघितलं तर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांनाच जास्त आठवतं. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

चौकोनी_ढग

ठरलं. म्हणजे राजीनामा नाही, सध्या फक्त रजा. ओळखीतून एका शाळेत विचारलंय, पुढच्या महिन्यात येऊन बसा म्हणाल्यात, आणि सातवीच्या एका तुकडीवर अपूर्णांक घेऊ देणार आहेत. मुख्याध्यापिका बाईंना वर्गातली संख्या विचारली तर हसल्या, म्हणाल्या आलीस की मोज.

आता एकदम बावळट प्रश्न. नावं पाठ करा म्हणालात, ते ठीक, पण पहिल्याच तासाला इतकी नावं कशी काय लक्षात ठेवायची? आणि दिवसभर उभं राहायची मला अजिबात सवय नाही.

उनाड_मैना

अजिबात बावळट नाही. हजेरीच्या आधीच एका कागदावर बाकांचा नकाशा काढा, रांगेप्रमाणे चौकोन, आणि बसल्या जागी प्रत्येकाचं नाव मुलांकडूनच लिहून घ्या. तो कागद टेबलावर काचेखाली. जागा बदलायची नाही असं बजावून ठेवा, दोघं तरी बदलतीलच, आणि त्या दोघांची नावं तुमच्या सगळ्यात आधी पाठ होतील.

चप्पल-बुटांवर पैसे वाचवू नका. पाण्याची बाटली जवळ, घोट घोट प्यायचं. आणि अपूर्णांक घेणार असाल तर छेद वेगळे असलेली बेरीज पहिल्याच दिवशी काढू नका हो, आधी अर्धा आणि पाव कागद घडी घालून करू देत त्यांना.

टवाळ_पोपट

कागद जास्त न्या. निम्म्यांची विमानं होतात.